दातखिळी बसणं वेगळं, अवसान गळणं वेगळं : थिजलेलं शरीर पुन्हा हलतं कसं करायचं

इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका आईने विचारलं आहे. मुलगी २५ वर्षांची, राज्यसेवेची मुख्य परीक्षा पास झाली आहे, मुलाखत दोन महिन्यांवर आली आहे. भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये सराव मुलाखत सुरू झाली की ती दगडासारखी बसून राहते. उत्तर येत असतं, रात्री तेच उत्तर घडाघडा सांगते, पण तिथे ओठ हलत नाहीत आणि हात बर्फासारखे गार पडतात. घरी वडिलांचा आवाज चढला तरी हेच होतं. कुणी तिला घुमी म्हणतं, कुणी नाटकं करते म्हणतं. आईचा प्रश्न असा: भीती मोडावी म्हणून आणखी कडक सराव घ्यावा, की यंदाची मुलाखत सोडून द्यावी?

ताई, दोन्ही करू नका. कडक सरावाने हा त्रास वाढण्याचीच शक्यता जास्त आहे. का, ते आधी समजून घ्या, कारण त्यातूनच उपाय निघतो.

धोका दिसला की प्राणी पळतो किंवा लढतो, हे आपण शाळेपासून ऐकतो. १९१५ च्या सुमारास वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने ही मांडणी केली. पण पळण्या-लढण्याच्याही आधी एक पायरी असते: जागच्या जागी थांबणं. शिकारी प्राण्याची नजर हालचालीवर जाते, म्हणून थांबलेला जीव वाचतो, आणि थांबल्यामुळे कानाडोळ्यांना नीट अंदाज घेता येतो. मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची खबर देतो आणि मेंदूच्या देठातला एक जुना भाग स्नायूंना हुकूम सोडतो. स्नायू ताठ होतात, श्वास अडतो, नजर एका जागी रुतते, कातडीखालचं रक्त आत ओढलं जातं म्हणून हात गार पडतात. हृदय पहिले काही क्षण मंदावतं. इकडे पळण्याची तयारीही आतून चालूच असते. गाडीचा ब्रेक आणि रेस एकदम दाबल्यासारखी ही अवस्था आहे. त्यामुळे बाहेरून शांत दिसणारी मुलगी आतून प्रचंड दमते, आणि सराव संपल्यावर दोन तास झोपते.

यासाठी वाघच समोर लागतो असं नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लोकांना एका संवेदनशील पाटावर उभं करून फक्त रागीट चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. तेवढ्यानेही त्यांच्या शरीराचं नैसर्गिक डोलणं कमी झालं आणि हृदयाचे ठोके मंदावले. टेबलापलीकडचे तीन-चार गंभीर चेहरे काय करत असतील, याचा अंदाज यावरून यावा.

निसर्गात ही पायरी काही सेकंदांची असते. मग प्राणी पळतो, किंवा धोका टळतो आणि तो अंग झटकून चरायला लागतो. मुलाखतीत आणि वडिलांसमोर पुढच्या दोन्ही वाटा बंद आहेत. उठून जाता येत नाही, उलट बोलता येत नाही. म्हणून शरीर पहिल्याच पायरीवर अडकतं. त्यातच लहानपणापासून एक हिशेब पक्का झालेला असतो, की गप्प राहिलं तर ओरडणं लवकर संपतं. दर वेळी तो खरा ठरतो आणि थिजणं आणखी मुरतं. भित्रेपणा किंवा हट्ट शोधू नका, इथे सवय लागलेली आहे.

रात्री उत्तर आठवतं त्याचंही कारण हेच आहे. ताण टिपेला पोचला की कपाळामागचा मेंदूचा भाग, जो शब्द जुळवतो, मुद्दे लावतो, तो तात्पुरता कमजोर पडतो. पाठ असलेल्या गोष्टी, शिव्या, देवाचं नाव, प्रार्थना मात्र तोंडातून निघू शकतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि ते दोन वेगळ्या अवस्था सांगतात. दातखिळी बसणं, खिळून राहणं ही एक अवस्था: अंग ताठ, जबडा घट्ट, बोटं वळलेली, छातीत धडधड. अवसान गळणं, हातापायांतलं त्राण जाणं ही दुसरी: चेहरा पांढराफटक, गार घाम, मळमळ, जांभया, कानात घूं आवाज, डोळ्यांसमोर अंधारी. पहिलीत ब्रेकबरोबर रेसही दाबलेली असते, दुसरीत रक्तदाब आणि नाडी खाली येतात. दोन्हींचे उपाय जवळजवळ उलटे आहेत. अवसान गळालेल्या माणसाला 'सैल सोड, शांत हो, हळू श्वास घे' असं सांगितलं तर तो चक्कर येऊन पडू शकतो. व्यायाम केले पण उपयोग झाला नाही, अशी तक्रार ऐकू येते तेव्हा पुष्कळदा व्यायाम चुकीच्या अवस्थेला लावलेला असतो.

म्हणून पहिले दोन आठवडे फक्त नोंद. एक छोटी वही करा. थिजण्याचा प्रसंग झाला की नंतर मुलीने स्वतः चार गोष्टी लिहायच्या: आधी काय घडलं, शरीरात पहिल्यांदा कुठे कळलं, किती वेळ टिकलं, कशाने सुटलं. शक्य असेल तेव्हा मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजायची आणि ४ ने गुणायचं. स्वस्थ बसलेली असतानाची नाडीही लिहून ठेवा, म्हणजे तुलना होईल. यातली 'पहिल्यांदा कुठे' ही नोंद सोन्यासारखी आहे. कुणाच्या पायाची बोटं चपलेत वळतात, कुणाचा श्वास गळ्याशी थांबतो, कुणाला समोरच्याचा आवाज लांबून येतो. पूर्ण थिजण्याच्या काही सेकंद आधी ही खूण येते आणि हस्तक्षेप करायचा तो तिथेच. एकदा पुरतं थिजल्यावर सोडवणं फार अवघड जातं.

तुम्ही लिहिलंत त्यावरून, दगडासारखी बसते, ओठ हलत नाहीत, तिची अवस्था पहिली वाटते. त्यासाठी खुर्चीत बसल्या बसल्या, कुणाला कळू न देता करायचं ते असं.

आधी श्वास सोडायचा. घ्यायचा नाही, सोडायचा. थिजताना छाती आधीच भरलेली असते, त्यावर 'खोल श्वास घे' म्हटलं की ती वरून आणखी हवा भरते. तसं चार-सहा वेळा झालं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि ती आणखी घाबरते. बशीतल्या चहावर फुंकर घालताना जसे ओठ असतात तसे किंचित उघडे ठेवून हळूच हवा सोडायची, ५-६ सेकंद. पुढचा श्वास आपोआप येतो, त्याला ओढायची गरज नाही.

सोडता सोडताच उजव्या पायाचा अंगठा बुटात खाली दाबायचा, ३ सेकंद, सोडायचा, मग डावा. पायच का? हात टेबलावर दिसतात आणि मुठी आवळल्या तर ताठरपणा वाढतो. पायाची हालचाल लपते, आणि चालण्याची जी लय असते तीच उजवं-डावं करताना शरीराला परत मिळते.

मग नजर हलवायची. समोरच्या सदस्याच्या डोळ्यांवरून त्याच्या खांद्यावर, तिथून टेबलाच्या कडेवर, परत चेहऱ्यावर. फक्त बुबुळं हलवू नका, मान थोडी वळू द्या. डोळे मिटायचे नाहीत, मिटले की आतला गोंधळच मोठा ऐकू येतो.

जबड्यासाठी मागच्या दाढांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवायची आणि जीभ टाळ्यापासून सोडून खाली टेकवायची. आवंढा गिळता आला तर गिळायचा. घसा आवळलेला असताना पाण्याचा मोठा घोट घेऊ नये, ठसका लागतो.

शेवटी आवाज. इथे ती पाठ असलेल्या शब्दांची गोष्ट कामी येते. थिजलेल्या मेंदूला नवं वाक्य रचता येत नाही, घोकलेलं वाक्य मात्र येतं. म्हणून मुलाखत ज्या भाषेत असेल त्या भाषेत दोनच वाक्यं शंभरदा घोकून ठेवायची. 'सर, कृपया प्रश्न एक बार दोहरा दीजिए' हे एक, आणि 'क्षमा करें सर, इसका उत्तर मुझे ज्ञात नहीं है' हे दुसरं. वाक्य खरोखर हवंच असं नाही, एकदा घशातून आवाज निघाला की पुढचे शब्द मागे येतात. नुसतं 'जी सर' म्हटलं तरी चालतं.

हे सगळं मिळून १० ते १५ सेकंदांचं काम आहे. मंडळाला ती विचार करते आहे असंच वाटतं. पण सुरुवातीला पाचही गोष्टी एकदम करायला जाल तर त्यांचंच ओझं होईल. तिच्या पहिल्या खुणेला लागू पडतील अशा दोन निवडा. श्वास अडकत असेल तर श्वास सोडणं आणि पाय. नजर रुतत असेल तर नजर आणि आवाज.

वहीत दुसऱ्या अवस्थेच्या खुणा निघाल्या, म्हणजे घाम, अंधारी, मळमळ, तर वरचं बाजूला ठेवून उलटं करायचं. रक्त पाहून चक्कर येणाऱ्यांसाठी स्वीडनच्या लार्स-योरान ऑस्ट या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात बसवलेली पद्धत इथे वापरता येते. दंड, पोट आणि मांड्या एकदम घट्ट आवळायच्या, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत, साधारण १० ते १५ सेकंद. मग २० ते ३० सेकंद सोडायचं, पण लोळागोळा व्हायचं नाही, नेहमीइतकंच सोडायचं. असं ५ वेळा. आवळताना श्वास कोंडायचा नाही, सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. माणसांत बसलेलं असताना पायावर पाय टाकून मांड्या एकमेकींवर दाबल्या तरी पुष्कळ फरक पडतो. अंधारी आलीच तर लाजू नये, आडवं होऊन पाय उंचावर घ्यावेत. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा व्यायाम करू नये.

प्रसंगी हे आठवावं असं वाटत असेल तर ते शांत वेळी अंगात मुरवावं लागतं. रोज सकाळ-संध्याकाळ ५-५ मिनिटं: ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास, त्याबरोबर पायाचे अंगठे, नजर, आणि शेवटी ओठ मिटून 'हं' असा लांब गुणगुणता स्वर ५ वेळा. दोन आठवड्यांची नोंद चालू असतानाच हे सुरू करता येईल.

तिसऱ्या आठवड्यापासून शिडी बांधायची. बोलावं लागतं असे आठ-दहा प्रसंग लिहा आणि प्रत्येकाला भीतीचे गुण द्या, ० ते १०. तिच्यासाठी ती अशी असू शकेल: तुमच्यासमोर नईदुनियातली बातमी मोठ्याने वाचणं, २. मावशीला व्हिडिओ कॉलवर एखादा मुद्दा समजावणं, ३. दुकानदाराला 'वजन पुन्हा करा' म्हणणं, ४. ओळखीच्या दोघांनी टेबलापलीकडे बसून तीन सोपे प्रश्न विचारणं, ५. त्यांनीच मध्ये तोडणं, ६. अनोळखी तिघं, गंभीर चेहरे, ८. चढलेला आवाज, ९. सुरुवात ३ पासून करायची. एक पायरी तीन-चार वेळा करायची आणि भीतीचा आकडा निम्मा झाला की वर जायचं. चढलेल्या आवाजाची पायरी सगळ्यात शेवटी, तीही तिने हो म्हटल्यावर आणि तिने हात वर केला की लगेच थांबायचं या अटीवर.

प्रत्येक सरावाचा शेवट तिच्या एखाद्या छोट्या कृतीने झाला पाहिजे. थिजली आणि कुणीतरी 'बरं, राहू दे' म्हणून सोडवलं, की शरीर शिकतं: थिजलं की सुटका. थिजली, पाय दाबले, एक वाक्य बोलली आणि मग संपलं, की शरीर शिकतं: हललं की सुटका. कोचिंगमधला धक्कातंत्राचा सराव बहुधा पहिला धडा गिरवतो. १० पैकी ९ च्या पायरीवर उभं करायचं, थिजू द्यायचं, चार शब्द सुनवायचे आणि घरी पाठवायचं. असे वीस सराव केले तर थिजण्याचेच वीस सराव होतात. सध्या ते थांबवा आणि शिडी ६-७ पर्यंत पोचल्यावर परत सुरू करा. सरावात तिचं थिजणं दोन-तीन मिनिटांहून लांबलं, किंवा सगळं स्वप्नासारखं, लांबून दिसतंय असं ती म्हणाली, तर पायरी उंच झाली समजा आणि दोन पायऱ्या खाली या.

आणखी एक, फार साधी पण हमखास उपयोगी गोष्ट. 'ज्ञात नहीं है' हे वाक्य रोज दहा वेळा, खऱ्याच न येणाऱ्या प्रश्नांना उत्तर म्हणून तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. पहिल्या नंबराच्या मुलींना हे वाक्य उच्चारताही येत नाही. आणि थिजण्याच्या मुळाशी पुष्कळदा तेच असतं.

आता घर, आणि इथे मला तुमच्यापेक्षा मुलीच्या बाबांशी बोलायचं आहे. रोज संध्याकाळी घरात शिडीची ९ गुणांची, चढलेल्या आवाजाची पायरी उभी राहत असेल तर वहीतल्या व्यायामांना फारसं यश येणार नाही. बाबांनी आवाज कधी चढवूच नये असं म्हणणं नाही, पण ती थिजलेली दिसली की पुढच्या मिनिटात काय करायचं ते ठरवून घ्या. समोर उभं राहायचं नाही, शेजारी बसायचं, हातभर अंतर ठेवून. खांदे धरून हलवायचं नाही. 'मूग गिळलेस का', 'बोल ना आता' यांतलं काहीही नाही. मान हलवून उत्तर देता येईल असा एकच प्रश्न: पंखा लावू? पाणी हवं? मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प. हे दहा आकडे घरच्यांना सगळ्यात जड जातात, पण सगळ्यात जास्त काम तेच करतात. ती हलली की गच्चीवर किंवा गल्लीत १०-१५ मिनिटं चालू द्या. चौकशी लगेच नको. ताणाच्या प्रसंगानंतर कॉर्टिसोल हे संप्रेरक २०-३० मिनिटांनी शिखरावर असतं, उतरायला तास-दीड तास लागतो. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, पोहे खाताना. तूप थिजलं तर आपण डबा आपटत नाही, ऊब देतो.

कधीकधी या त्रासामागे एखादी जुनी घटना असते: अपघात, मारहाण, नको असलेला स्पर्श. पळणं अशक्य असताना शरीर पूर्ण निश्चल होण्याची एक टोकाची अवस्था असते आणि ती माणसाच्या इच्छेने येत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॉकहोममधल्या अभ्यासात, बलात्कारानंतर तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांपैकी ७० टक्क्यांनी त्या वेळी ठळक निश्चलता अनुभवल्याचं सांगितलं होतं. 'मी ओरडले का नाही' हा प्रश्न अशा मुली वर्षानुवर्षं स्वतःला विचारतात. त्यांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येत नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही तसंच आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत असं काही असेलच असं नाही. पण तशी शंका आली तर खोदून विचारू नका. 'सांगावंसं वाटलं तर मी आहे' एवढं म्हणा आणि आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. तिथे शिडी घरी चढवायची नसते.

काही खुणा दिसल्या तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. नजर शून्यात लागते, पापण्या फडफडतात, ओठ चघळल्यासारखे हलतात आणि नंतर तिला काही आठवत नाही, तर फिट असू शकते, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. चालताना-पळताना शुद्ध हरपली किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल तर ईसीजी. तासन्‌तास ताठ, न बोलता, न खातापिता एकाच स्थितीत राहिली तर तो कॅटाटोनिया असू शकतो. त्यावर परिणामकारक औषध आहे, पण त्याच दिवशी इस्पितळ गाठायला हवं, एम.वाय. किंवा जवळचं कुठलंही. वाईट स्वप्नं, तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर येणं महिनाभर चाललं, किंवा मरणाचे विचार आले तर थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत बोलता येतं.

मुलाखतीआधी प्रोप्रॅनोलॉलची गोळी एकमेकांना देण्याची पद्धत परीक्षार्थींत आहे, ती मात्र घरात येऊ देऊ नका. ती नाडी मंदावते. दमा असेल तर धोक्याची, आणि अवसान गळणाऱ्या प्रकारात तर उलटाच परिणाम करणारी. डॉक्टरांनी तपासून दिली तर प्रश्न नाही, तरी पहिली गोळी मुलाखतीच्या दिवशी घेऊ नये.

इंटरनेटवर व्हेगस नर्व्हच्या, म्हणजे मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत जाणाऱ्या नसेच्या, नावाने भरपूर फिरतं: 'ही नस दाबा, ट्रॉमा जाईल'. त्यामागची पॉलिव्हेगल ही मांडणी स्टीफन पोर्जेस यांनी १९९४ मध्ये केली आणि तिच्या शरीरशास्त्रावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. लांब उच्छ्वास आणि गुणगुणणं यांचा उपयोग त्या वादावर अवलंबून नाही. ते करा, पण नस दाबून आघात पुसण्याचे दावे सोडून द्या.

यंदाची मुलाखत सोडायची का, याचं उत्तर: सोडू नका. आठ आठवडे पुरेसे आहेत. दोन नोंदीचे, पाच शिडीचे, शेवटचा हलका. त्या दिवशी नुसती दह्या-साखरेची कवडी हातावर ठेवून पाठवू नका, दोन तास आधी पोटभर नाश्ता आणि पाणी झालेलं असू द्या. रेसिडेन्सी भागात आयोगाच्या इमारतीपाशी लवकर पोचून १० मिनिटं चालू द्या, नाव पुकारेपर्यंत एका जागी बसवून ठेवू नका. आणि आत जाण्यापूर्वी तिने कुणाशी तरी, शिपायाशी का होईना, एक वाक्य बोललेलं असलं पाहिजे, म्हणजे दारातून आत शिरताना आवाज आधीच सुटलेला असेल.